बुढीला माती चालत नाही

म्हातारं कुत्रं आणलं की डोक्याला ताप नसतो, हे मला कोणी सांगितलं होतं देव जाणे. बहुतेक मीच मला सांगितलं. पिल्लू आणा, तर ते चपला खातं, रात्रभर कुईकुई करतं, अन् मी दिवसभर शाळेत शिकवायला. घरी एकटे बाबा, वय ऐंशीच्या पलीकडे, गुडघे गेलेले. पिल्लाच्या मागे धावणार कोण? त्यापेक्षा एखादं शांत, वय झालेलं जनावर आणावं. दोन वेळा खाईल, दाराशी पडून राहील, बाबांना सोबत होईल. असा माझा हिशोब होता. तो आता आठवला की माझं मलाच हसू येतं, अन् हसू ओसरलं की राग येतो.

बाबांना मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आणूच दिलं नसतं.

अकोल्याला बेवारस कुत्र्यांचं एक शेल्टर आहे, तिथे गेले. लांबलचक शेड, खाली सिमेंटचा कोबा, दोन्ही बाजूंनी जाळीचे कप्पे. पिल्लांच्या जाळीपुढे लोकांची गर्दी, म्हाताऱ्यांकडे कोणी फिरकत नव्हतं. ही अगदी शेवटच्या कप्प्यात भिंतीला टेकून बसली होती. तांबूस अंग, तोंड पांढरं झालेलं, मागच्या पायांत जोर नाही. सगळी भुंकत होती, ही नुसती बघत होती. मला ती तिथल्या तिथे पसंत पडली.

"ताई, नेणार असाल तर विचार करून न्या," तिथला सांभाळणारा माणूस म्हणाला. "पिल्लू असल्यापासून इथलीच, दोन घरांतून परत आली आहे ही. आता परत आली तर आम्ही पुन्हा कोणाला दाखवणार नाही. मग इथंच राहील, शेवटपर्यंत."

"काहून? चावते का?"

"नाही हो, गरीब आहे. घरात घाण करते म्हणून आणून सोडली लोकांनी."

मला त्या लोकांचाच राग आला. फ्लॅटात राहायचं, चकचकीत फरशा बसवायच्या अन् वरून कुत्रं पाळायचं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आमचं घर मळ्यातलं आहे. चारी बाजूंनी माती आहे. आमच्याकडे तिला कसली अडचण?" त्या माणसाचा चेहरा खुलला. त्याने तिच्या गळ्यात दोरी बांधून दिली.

चुलतभावाची भाजीची गाडी अकोल्याहून रिकामी परतत होती, तिच्यात आम्ही दोघी बसलो. मूर्तिजापूर आलं तसं भावाने तिच्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "ताई, अमरावतीत कुत्रे भेटले नाई का तुले? अकोल्याहून आणून राहिली, अन् तेही बुढं." बडनेऱ्यापर्यंत तो एकटाच हसत होता.

घरी बाबा दारातच उभे होते. त्यांनी तिला वरून खाली पाहिलं.

"काहून आणली वं हे?"

"तुम्हाला सोबत म्हणून."

"कोनाले सोबत? मी तिले का ती मले?" असं म्हणून ते आत गेले. आतून आवाज आला, "एक बुढा होता घरात, आता बुढी बी आली." तेच तिचं नाव पडलं.

इथे आमच्या जागेबद्दल सांगायला हवं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या फुलं पिकवणारी माणसं. अमरावतीच्या कडेला आमचा मळा होता. शहर वाढत आलं, मळ्याचे ले-आउट पडले, चुलत्यांनी आपापले तुकडे विकले. बाबांनी मात्र घर अन् घराभोवतीची जागा हातची जाऊ दिली नाही. आता चहूकडे बंगले आहेत, अन् प्रत्येकाच्या अंगणात सिमेंटचे ठोकळे, म्हणजे गट्टू, बसवलेले. या गट्टूंवर बाबांचा भारी राग. "जमिनीच्या तोंडात बोळा कोंबला," असं ते शेजाऱ्यांना तोंडावर सांगतात. आमच्याकडे फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळी काळी माती. पावसाळ्यात चपलेला किलोकिलोने चिकटते, तरी आम्ही कधी सिमेंटचं घमेलं आत येऊ दिलं नाही. न्हाणीचं पाणी मागच्या दाराशी ज्या नालीतून जातं, तिच्या काठाने बाबांचा शेवंतीचा वाफा. दसऱ्याचा झेंडू विकून झाला होता अन् शेवंतीला नुकत्या कळ्या धरल्या होत्या.

पहिल्या दिवशी सकाळी बुढीला घेऊन मी अंगणात उतरले. ती मातीवर पाय ठेवते काय अन् उचलते काय, चटका बसावा तशी. मी थांबले. तिला कडुलिंबाखाली नेलं, भिंतीकडे नेलं, सगळा मळा फिरवला. शाळेची वेळ होत आली. शेवटी कंटाळून घरात आणलं, तर बाई सरळ स्वयंपाकघरात गेली अन् गॅसच्या ओट्यापुढे फरशीवर बसून मोकळी झाली. वर माझ्याकडे अशी पाहते, जशी काही मी सांगितलेलं काम वेळेत करून दाखवलं.

पहिला दिवस म्हणून सोडून दिलं. पण मग रोज तेच. सकाळी अंगणात उभं राहा, संध्याकाळी उभं राहा, मच्छर चावून घ्या, गोड बोला, भाकरीचा तुकडा दाखवा. बुढी पोटात धरून उभी. घरात पाऊल टाकलं की पाट सुटलाच. एकदा देवघरापुढे. एकदा माझ्या तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी. मी एका नजरेत अख्खा वर्ग गप्प करणारी बाई, पण या जनावरापुढे माझे नाकी नऊ आले. घरभर फिनेलचा वास. डॉक्टरला दाखवलं, तर तो म्हणे तब्येत ठणठणीत आहे, सवयीचा प्रश्न आहे. सवय लावायलाच तर घेऊन आले ना मी! सल्ले देणारे तर विचारूच नका. कोणी म्हणे नाक घासा तिथे, कोणी म्हणे व्हिनेगर टाका, कोणी म्हणे बाहेर बांधून ठेवा. बाहेर बांधली तर दिवसभर धरून ठेवायची अन् कळवळायची. ते मला पाहवेना.

बाबा खुर्चीत बसून मजा पाहत होते, असं मला वाटायचं, अन् त्याचाही राग यायचा. खरं म्हणजे बुढी दिवसभर त्यांच्याच खुर्चीखाली असायची.

मग एका सकाळी बाबा घसरले. दाराच्या चौकटीत तिने करून ठेवलं होतं, बाबा अनवाणी निघाले अन् पाय सरकला. चौकट हातात आली म्हणून वाचले. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पण मी ते पाहिलं अन् धावत जाऊन त्यांना खुर्चीत बसवलं. या वयात खुबा मोडला की माणूस अंथरुणातून उठत नाही. मी तिला ओरडले, दोरी धरून बाहेर काढली. रागाच्या भरात अकोल्याला फोन लावला अन् सांगितलं, "रविवारी आणून सोडते."

मला वाटलं तो माणूस भांडेल. मला भांडायचंच होतं. तो एवढंच म्हणाला, "बरं ताई." म्हणजे त्याला हेच अपेक्षित होतं. मी त्या चकचकीत फरशीवाल्यांच्या रांगेत जाऊन बसले. दिवसभर शाळेत मी पोरांवर उगाच चिडत होते.

त्या संध्याकाळी तिला रस्त्यावर फिरवायला नेलं. शेजारच्या बंगल्यापुढे गाडी चढवायला सिमेंटचा उतार आहे, त्याला लागून गट्टू. बुढीने दोरी ओढली, त्या गट्टूंवर गेली अन् एका क्षणात खाली बसली. पोटभर मोकळी झाली. तेवढ्यात फाटक उघडून शेजारच्या काकू बाहेर.

"बाई, तुमच्याकडे एवढी माती पडली आहे, अन् आणता आमच्या दारात?"

धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. मी घरून पाणी आणून ते गट्टू धुऊन दिले. अन् धुता धुता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या जिवाने आयुष्यभर कोबाच पाहिलेला. कप्प्यात जे करायचं ते कोब्यावरच करायचं, हे तिचं वळण. माती तिच्या लेखी कोणाच्या तरी अंथरुणासारखी होती, तिथे घाण करायची नसते. ती आपली शिस्तीनेच वागत होती. आम्हीच तिला चुकीच्या घरी आणलं होतं.

जेवताना मी बाबांना हे सांगितलं, ते पण चिडूनच. "तिला सिमेंट लागतं, बाबा. साऱ्या अमरावतीत मला हेच घर सापडलं आणायला."

"मंग?" बाबांनी भाकरी मोडली.

"मग काय, रविवारी सोडून येते. शिकवून शिकत नाही ती."

"या वयात कोन शिकते?" एवढंच बोलून त्यांनी हात धुतले.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी घरी आले तर मागून फावड्याचा आवाज येत होता. मागच्या दारात जाऊन पाहते तो शेवंती नाही. सगळी उपटून भिंतीशी ढीग घातलेला, कळ्यांसकट. एक मिस्त्री ओला कोबा सपाट करत होता, अन् बाबा खुर्ची टाकून त्याला उतार नालीकडे धरायला सांगत होते. खुर्चीखाली बुढी.

"बाबा, हे काय केलं? कळ्या धरल्या होत्या तिला!"

"मले दिसते. मीच लावली होती."

"मग दुसरीकडे करायचं! एवढी जागा पडली आहे!"

"दुसरीकून पानी कुठं जाईन? नाली इथं हाये. अन् तिचे मांगचे पाय दिसत नाई का तुले? दारातून दोन पावलं टाकली का झालं पाहिजे तिचं."

"अन् तुमची शेवंती?"

"शेवंती पुढच्या साली लावतो पल्याड." मग खुर्चीखाली बुढीकडे बघून म्हणाले, "मी असलो तं. बुढीचं बी तसंच हाये. मंग आता काहून उगाच पाठवतं तिले?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला न विचारता, मला न सांगता! जन्मभर लोकांच्या गट्टूंना नावं ठेवली अन् स्वतःच्या हाताने हे. मी वाट्टेल ते बोलले, मिस्त्रीसमोर बोलले. मला शेवंतीचं इतकं वाईट वाटत होतं की डोळ्यांत पाणी आलं, अन् बाबांना मात्र काहीच वाटत नसल्यासारखं दिसत होतं. शेवटी मी म्हटलं, "अन् यावरही नाही केलं तिने, तर?"

"नाई केलं तं नाई केलं," बाबा म्हणाले. "पन पाहू तं दे."

अकोल्याला फोन करून मी पुढच्या रविवारचं सांगितलं. त्या रविवारच्या पुढे मी ताणणार नव्हते. बाबा पुन्हा घसरले असते तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं.

कोबा पक्का होईपर्यंत त्यावर पाणी मारावं लागतं. ते काम बाबांनी माझ्याकडे दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ झारी घेऊन ते त्या सिमेंटला पाणी घालत, जसं वाफ्याला घालायचे तसंच, कडेकडेने, सावकाश. काकूंनी भिंतीवरून विचारलं, "काका, उगवणार आहे का काही?" बाबा म्हणाले, "उगवलं का सांगतो." मी घरात फडकं घेऊन बुढीच्या मागे फिरत होते, अन् दात-ओठ खात होते.

मिस्त्रीने सांगितलेले दिवस भरले. सकाळी मी मागचं दार उघडलं. बाबा झारी धरून कोब्याच्या कडेला उभे होते. बुढी उंबऱ्यातून उतरली, वास घेतला, कडेकडेने फिरली, नालीपाशी गेली अन् वळून परत दाराकडे निघाली. संपलं, म्हटलं. स्वयंपाकघर. अकोला. कोबा वाया, शेवंती वाया.

"जा, आत जाऊन कर, जा," मी तिच्यावर खेकसले.

"गप वं," बाबा म्हणाले.

ती कोब्याच्या मधोमध थांबली. मागचे पाय थरथरत खाली घेऊ लागली. बाबांनी ताबडतोब पाठ फिरवली अन् भिंतीकडे तोंड केलं.

"बाईमानूस हाये," ते हळू आवाजात म्हणाले. "तू बी इकडं तोंड कर."

मी तोंड फिरवलं. आम्ही दोघं बापलेक भिंतीकडे बघत उभे राहिलो. मागे धार सुरू झाली अन् बराच वेळ थांबेचना. मला इतका आनंद झाला होता की तो बाबांना दिसू नये म्हणून मी भिंतीवरचं शेवाळ बघत राहिले, अन् बाबाही तेच बघत होते.