पातळ रक्तातली गुठळी

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लिव्हर सिरॉसिस असल्याचं कळलं तेव्हापासून गावाकडून येणारा प्रत्येक जण दबक्या आवाजात एकच विचारायचा. "घ्यायचे का?" जन्मभर सिन्नर-नाशिक जीप चालवली, दारूला शिवले नाहीत, हे सांगून माझं तोंड दुखलं. डायबेटिसने आणि चरबीनेही लिव्हर जातं हे कुणाला पटत नाही.

त्यात रिपोर्ट आला की रक्त गोठायला वेळ लागतोय. आईने एवढंच धरलं की रक्त पातळ झालं. तिने ब्लेड लपवलं, घरी येणाऱ्या न्हाव्याला दारातून परत पाठवलं. पडले तर रक्त थांबायचं नाही म्हणून अण्णांना खाटेवरून उठूच देईना. अण्णा दाढी खाजवत म्हणायचे, "आता कुंभाला साधूंच्या रांगेत बसवा मला."

मग पोट फुगलं. सोनोग्राफीत लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी दिसली. डॉक्टर म्हणाले, रक्त पातळ करायची इंजेक्शनं लागतील.

काका दवाखान्याच्या जिन्यातच भडकले. "आधीच पातळ, अन् अजून पातळ करायचं? माणूस मारायचा का?"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू शिकलेली हायेस. तू म्हणशील ते."

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण मी बीकॉम आहे हो. ते कुणी विचारत नाही.

पुन्हा डॉक्टरांकडे गेले. नाही कळलं, परत सांगा, असं म्हणायला मी लाजले नाही. कळलं ते अण्णांच्या खाटेशी बसून सगळ्यांना सांगितलं.

"रक्त गोठवणारी द्रव्यं लिव्हर बनवतं. आणि गोठणं आवरणारीही तेच बनवतं. एक एक्सिलेटर, एक ब्रेक. लिव्हर खराब झालं की दोन्ही कमी होतात. आपल्या रिपोर्टात फक्त एक्सिलेटर मोजलाय."

अण्णांनी डोळे उघडले. "म्हंजी गाडी हळू चालती, म्हणून ब्रेक चांगले हायेत असं नाय."

"तेच. तोल कुठेही जाऊ शकतो. रक्त वाहू शकतं, गुठळीही होऊ शकते."

"अन् सुईनं रक्त वाहिलं तर?" आईने विचारलं.

"ती भीती आहेच. लिव्हर बिघडलं की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, त्या फुटू शकतात. म्हणून आधी तोंडातून दुर्बीण घालून त्या बांधणार, मग सुई."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला नुसतं झोपावंसं वाटत होतं. शेवटी अण्णाच म्हणाले, "चढावर गाडी सोडून उतरता येत नाय. द्या सुई."

शिरा बांधून झाल्या. सुई टोचायला सिस्टरने मला शिकवलं. आता ऑफिसला निघण्याआधी रोज मी अण्णांच्या पोटात टोचते. पोटावर निळे डाग पडलेत. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि रोज विचारते, "अजून किती दिवस गं?"

पुढची सोनोग्राफी व्हायची आहे. गुठळी विरघळतेय की नाही, मला माहीत नाही, आणि तसंच सांगते. अण्णा सदरा खाली ओढतात, दाराच्या चौकटीला धरून उठतात आणि अंगणात एक फेरी मारतात. आई मागून चालते, हात पुढे धरून, पण अडवत नाही.