नाईक म्हेत्रे प्यायलेला नव्हता

नोव्हेंबर महिना, मंगळवार, अकरा वर्षांपूर्वी. सकाळचे सहा. उत्तरेतल्या एका डोंगरी तळावरचा आमचा गाड्यांचा पार्क. हजर: मी, हवालदार योसेफ साळवे, राहणार दौंड, गाड्यांच्या देखभालीवर. नाईक संतोष म्हेत्रे, ड्रायव्हर, राहणार इनामगाव, तालुका शिरूर. कंपनीचे अधिकारी सहा चाळीसला आले.

पुणे जिल्ह्याचे आम्ही दोघंच. रोज पहाटे मी बराकीत गुडघे टेकायचो, तेव्हा म्हेत्रे चहाचा मग घेऊन दारात थांबायचा.

“आज काय मागितलंत, साहेब?”

“शहाणपण.”

“रोज मागताय. कालचं संपलं व्हय?”

प्रार्थना एका ओळीची होती. प्रभू, आज काय करायचं ते कळू दे. मग डायरी उघडून दिवसाची कामं लिहायची. बावीस वर्षांच्या नोकरीत हा क्रम मी मोडला नाही.

गाडी बाहेर पडण्याआधी रोज फर्स्ट परेड होते. तेल, पाणी, टायर, ब्रेक तपासायचे. त्या सकाळी तीन टनी गाडीतून म्हेत्रेच खाली उतरला. “साहेब, पेडल पार तळाला जातंय. ही गाडी उताराला न्यायची न्हाई.” मी पाहिलं. ब्रेक ऑइल गळत होतं. रजिस्टरमध्ये नोंद केली आणि स्टिअरिंगला लाल ‘ऑफ रोड’ बोर्ड अडकवला. तो बोर्ड असलेली गाडी हलवायची नाही, असा नियम आहे.

अधिकारी आले. वरच्या पोस्टला रॉकेल पोहोचवायचं होतं. बाकीच्या गाड्या बाहेर होत्या.

“साळवे, बोर्ड हटाओ।”

“सर, ब्रेक नहीं है।”

“धीरे चलाएगा। बोर्ड हटाओ।”

पहाटे मी जे मागितलं होतं, ते मला मिळालेलं होतं. काय करायचं ते मला स्पष्ट कळत होतं. लेखी हुकूम मागायचा, नाहीतर बोर्ड तसाच ठेवायचा. मी बोर्ड काढला. म्हेत्रेने माझ्याकडे एकदा पाहिलं. “जातो मग,” म्हणाला आणि एकटाच निघाला.

सात पंचवीसला मी वायरलेस सेटजवळ होतो.

“गाडी पॉइंट तीनला पोहोचली का? ओव्हर.”

“नाही. ओव्हर.”

सात चाळीसला तेच उत्तर आलं. आठ पाचला आवाज बदलला. “गाडी नाल्यात आहे. ड्रायव्हर गेला. ओव्हर.”

अपघाताच्या लष्करी चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, मला तीन प्रश्न विचारले. ड्रायव्हर कोण होता? लायसन्स होतं का? रस्त्यावर बर्फ होता का? मी तीन उत्तरं दिली. ब्रेकबद्दल कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. रजिस्टर कोणी मागवलं नाही, म्हणून मी दाखवलं नाही. निष्कर्ष निघाला: चालकाचा निष्काळजीपणा.

निवृत्तीनंतर मी शिक्रापूरच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झालो. आठवडाभर तिथे खोलीवर, रविवारी दौंडला घरी. यंदा पावसाळ्यात गेटवर एक नवा कामगार आला. गाव इनामगाव. मी म्हेत्रेचं नाव काढलं.

“त्यो व्हय? पिऊन गाडी दरीत घातली त्यानं. समद्या गावाला म्हाईत हाय.”

मी खुर्चीवरून उठलो. “त्याने दारूला कधी हात लावला नाही! ब्रेक नव्हते गाडीला!”

“मग गावाला सांगा की. मला कशापायी दम देताय?”

त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला. कागदावरच्या निष्काळजीपणाची गावाने दारू केली होती, आणि तो कागद माझ्या गप्प बसण्याने तयार झाला होता.

रविवारी दौंडला प्रार्थनेनंतर मंडळीतल्या थॉमसमामांना सगळं सांगितलं. ते रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. “योसेफ, त्या अधिकाऱ्याला क्षमा कर,” ते म्हणाले. “शांत राहण्यातच शहाणपण आहे.”

चर्चच्या पायरीवर मी आवाज चढवला. “माझं काय बिघडवलं त्यांनी, मामा? बिघडलं ते म्हेत्रेचं. त्याच्या वतीने क्षमा करणारा मी कोण? आणि शांतच तर होतो. अकरा वर्षं!”

“एवढं कळतंय, तर माझ्याशी काय भांडतोस? जा ना इनामगावला.”

आमच्यातल्या या सवयीची मला चीड आहे. काम जड वाटलं की आम्ही म्हणतो, प्रार्थना करू, वाट पाहू. मीही तेच केलं. उत्तर आलेलं असताना रोज पहाटे तोच प्रश्न देवापुढे ठेवणं याला मी श्रद्धा म्हणत होतो. ती टाळाटाळ होती.

सोमवारी रजा टाकून गेलो. म्हेत्रेचे वडील घोड नदीकाठच्या वावरात कांदा खुरपत होते. मी उभ्यानेच सांगितलं. ब्रेक, बोर्ड, कोर्ट. काही गाळलं नाही.

“बोर्ड तुम्ही काढला?”

“हो, आबा.”

“मग इतकी वर्सं काय करत व्हता?”

“प्रार्थना. शहाणपण मिळावं म्हणून.”

“आन् देवानं दिलं न्हाई?”

“दिलं होतं. त्याच सकाळी.”

आबांनी खुरप्याची माती अंगठ्याने काढली. “सव्वीस जानेवारीला शाळंत गावच्या जवानांची नावं वाचत्यात. गेलेल्यांची आधी. माझ्या पोराचं गाळत्यात. त्याची आई त्या दिवशी दाराबाहेर येत न्हाई.”

“मी लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहितो.”

“कागद येईल तवा येईल. तुम्हाला तोंड हाय ना?”

सही करून जबाब पाठवला. उत्तर नाही. पुन्हा पाठवला. उत्तर नाही. ग्रामसभेला गेलो, उभा राहिलो. व्यासपीठावरून सांगण्यात आलं की विषय पत्रिकेवर नाही आणि मी या गावचा मतदार नाही. मी म्हटलं, मेलेला माणूस तर या गावचा होता. मला खाली बसवण्यात आलं. मागच्या रांगेत आबा उभेच राहिले.

नाईक संतोष म्हेत्रे. वय अठ्ठावीस. बिघाड त्याने स्वतः कळवला होता. तरीही हुकूम पाळून ती गाडी घेऊन निघाला आणि ड्युटीवर असताना मेला. शाळेच्या यादीत त्याचं नाव अजून चढलेलं नाही.