आधी नाव, मग बेल

भाऊचा फोन आला की पलीकडून आधी वहिनींचा आवाज यायचा. माझी, पोरांची, बीडच्या नळाला पाणी कधी येतं याची सगळी चौकशी झाली की मग "घ्या, बोला तुमच्या भावासंगं," म्हणून फोन भाऊच्या हातात जायचा. माझ्या या थोरल्या भावाला फोनची बटणं दाबायचा मनापासून कंटाळा. त्या सकाळी मात्र फोन उचलला आणि थेट भाऊचाच आवाज आला. "बाबू, ये," एवढंच म्हणाला तो. पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती... मी तसाच बसस्टँडकडं निघालो.

सरूवहिनींना जाऊन आता महिना होऊन गेला. दहाव्याला आलेला जो तो त्यांच्या कष्टाचं, हाताच्या चवीचं बोलत होता. मला सारखी आठवत होती ती चारा छावणीतली सभा. त्या सभेत या बाईनं शंभर माणसांसमोर स्वतःच्या नवऱ्याची उमेदवारी पाडली होती, आणि त्याचे उपकार आमचं घर अजून विसरलेलं नाही.

आधी भाऊविषयी सांगायला हवं. भाऊ साहेबांच्या गटाचा. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. त्यांनी तीनदा पक्ष बदलला, तीनदा झेंडा बदलला, आणि तिन्ही वेळा भाऊनं आधीच्या झेंड्याचं कापड वहिनींकडं गोधडीला दिलं. "पक्ष कुठला का असंना, साहेब एकच," असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. गावच्या दूध संस्थेच्या चेअरमनकीला तो गटातर्फे दोनदा उभा राहिला आणि दोनदा पडला. पडायचं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं, फक्त त्याला नव्हतं. डेअरीवर कुणाच्या दुधात पाणी निघालं की भाऊ चारचौघांत ओरडायचा, "म्हस दावणीला बांधलीस का हापशाला, बे?" लोक हसायचे, पण ज्याला हसायचे तो लक्षात ठेवायचा. मतदानाला सगळ्यांनी आपापलं लक्षात ठेवलेलं बाहेर काढलं.

त्यानंतर तो दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसायला लागले, ज्वारी हातभर होऊन करपली. ज्यांच्याकडं दुभतं जनावर होतं त्यांचीच चूल पेटत होती, आणि ती जनावरंही शिरूर कासारच्या रस्त्याला छावणीत नेऊन बांधलेली. त्यातच संस्थेची निवडणूक लागली. संस्था होती विरोधी गटाच्या हातात आणि त्यांनी गावचं संकलन केंद्र बंद करून तालुक्याच्या केंद्राला जोडायचं ठरवलं होतं. चार-सहा लिटर दूध घेऊन रोज तालुक्याला कोण जाणार? मी तेव्हा गावातच राहायचो. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, केंद्र गेलं की म्हशी बाजारात, अन् म्हशी गेल्या की हातात कोयता. मी लहानपणी माय-बापासंगं उसाच्या फडात वाढले. माझ्या सुना-लेकी फडात जाऊ द्यायच्या न्हाईत मला." थोरल्या पुतण्याचं लग्न तेव्हा नुकतंच झालेलं.

उमेदवार ठरवायला गटाची सभा छावणीतच भरली, कारण सगळे मतदार तिथंच, आपापल्या जनावरांपाशी. वहिनी स्वतःच्या नावावर सभासद होत्या. बाकीच्या बाया पाठीमागं दावणीच्या कडेला उभ्या होत्या, वहिनी मात्र पुढं येऊन पेंडीवर बसल्या. एकीकडं भाऊचं नाव होतं आणि दुसरीकडं गफूरभाईचं. गफूरभाई मोटारी दुरुस्त करणारा, घरी दोन म्हशी, दोन्ही गटांच्या घरांत चहा पिणारा माणूस.

"गेल्या डावाला गफूर तिकडं होता," गटातले जुने कार्यकर्ते तात्या म्हणाले. "आज त्येला उभा करायचा, तर आमी जन्मभर सतरंज्या उचलल्या कावून?"

"अन् भाऊ पडल्यावर केंद्र कोण वाचवणार? तुमची सतरंजी?" एक तरुण मागून बोलला.

"तिसरा डाव देवाचा असतो," मी म्हणालो. मी अर्थातच भावाच्या बाजूचा.

हमरीतुमरी व्हायला लागली तसे साहेबांचे गावातले कारभारी मधुकरराव ताट घेऊन उठले. ताटात परळीच्या वैजनाथाचा बेल आणि भंडारा. आमच्या गटाची रीत अशी, की आधी सगळ्यांनी बेलभंडारा उचलून गटाशी इमान राखायची शपथ घ्यायची, मग साहेब नाव सांगणार. ते नाव मान्य नाही असं म्हणायची सोय उरायचीच नाही. ताट फिरत फिरत वहिनींपुढं आलं. त्यांनी हात पदरातच ठेवला.

"आधी नाव सांगा," त्या म्हणाल्या. "मग उचलते."

"वहिनी, इमानावर भरोसा न्हाई का तुमचा?"

"लई हाय. म्हणून तर न बघता उचलत न्हाई." मग त्या उभ्या राहिल्या. "माझ्या मालकावाणी इमानी माणूस ह्या गटात दुसरा न्हाई. पर ते पडत्यात. ज्येंच्या दुधातलं पाणी ह्येंनी चारचौघांत काढलं, त्येंनी ह्येन्ला मत द्यावं कावून? गफूरभाई आपला नसंल, पर तो निवडून येतो. मला केंद्र पायजे."

पाठीमागच्या बाया एकेक करून पुढं आल्या आणि वहिनींशेजारी बसल्या. पुढं बेल कुणीच उचलेना. शेवटी हात वर करून कौल घेतला, गफूरभाईचं नाव निघालं आणि मग सगळ्यांनी बेल उचलला. मधुकररावांनी घाबरत साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज आम्हा साऱ्यांना ऐकू आला, "निवडून येतोय ना? मग झालं तर." भाऊ उठला आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेला. बायकोचं बोलणं त्याला जास्त लागलं की साहेबांचं, हे त्याला विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

घरी आल्यावर तो एकदाच बोलला. "घरातलं मत बी मिळालं न्हाई मला."

"घरातलं मत तुमालाच हाय," वहिनी म्हणाल्या. "डेअरीचं मत डेअरीला."

त्यानंतर मतदानापर्यंत भाऊनं वहिनींशी अबोला धरला. जेवायचा, पण मुकाट्यानं. "भावजी, त्येन्ला इचारा, कालवण वाढू का," असं ताटापाशी बसून त्या मला सांगायच्या आणि मी मधल्यामध्ये निरोप्या. पण नाव ठरल्यावर भाऊनंही बेल उचलला होता. तो गफूरभाईसाठी दारोदार फिरला. ज्यांना त्यानं डेअरीवर हसं केलं होतं, त्यांच्याही उंबऱ्याला गेला, आणि मान खाली घालून "माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नका," म्हणून आला. हे मी घरी सांगितलं तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलं? ह्याला म्हणत्यात इमान," त्या म्हणाल्या. एवढ्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

आमचं पॅनल आलं, केंद्र गावातच राहिलं. निकाल ऐकून भाऊ घरात शिरला आणि वहिनींकडं न बघता म्हणाला, "च्या टाक. साखर लई घाल." अबोला तिथं संपला. पुढं गफूरभाईनं त्यालाच दूध तपासायला बसवलं, पण पाणी निघालं तर कानात सांगायचं, या अटीवर. अट कुणी घालायला लावली हे सांगायला नको. आमच्या घरातल्या एकाही सुनेच्या हातात कोयता आला नाही. आज गोठ्यात ज्या म्हशी आहेत त्या सगळ्या छावणीतल्या म्हशींच्याच पोटच्या. आमचं धड चाललंय ते एका बाईनं योग्य वेळी हात पदरात ठेवला म्हणून, हे मी आता कुणालाही सांगतो.

गेल्या आठवड्यात मी गावी होतो. संस्थेची निवडणूक पुन्हा जवळ आलीय. गटातली पोरं भाऊकडं आली, अवघडून बसली. त्यातला एक म्हणाला, "भाऊ, औंदा तुमी उभं रहा. काकू गेल्यापासून समदं गाव हळहळतंय. विरोधातली घरं बी तुमालाच मत देतेल. औंदा तुमी पडत न्हाई."

पोरगं वाईट मनानं बोललं नव्हतं. हिशेबही बरोबर होता. ज्या एका गोष्टीसाठी भाऊ जन्मभर झुरला, ती आता न मागता दारात आली होती. मी त्याच्याकडं पाहिलं. ओट्यावर धुऊन ठेवलेली दुधाची चरवी त्यानं उचलली, वहिनी ठेवायच्या तशी उन्हात पालथी घातली आणि परत येऊन बसला.

"उभा राहिलो तर येतो मी निवडून," तो म्हणाला. "पर निवडून आल्यावर घरी येऊन सांगू कुणाला?"