मर्डोने वाढवलेला शेवटचा आकडा

मर्डो गॅलब्रेथशी ओळख म्हणजे डोक्याला ताप. मी त्याला अठरा वर्षं ओळखतो, तेव्हा माझ्या डोक्याचं काय झालं असेल ते बघा.

ग्लासगोत पार्टिकला तिसऱ्या मजल्यावर हा इसम एकटा राहतो आणि एक लायब्ररी सांभाळतो. पुस्तकांची नव्हे हो, प्रोग्रामरांनी आपल्या प्रोग्रामात आयती जोडायची. फुकट सांभाळतो, आणि ते दर दहा मिनिटांनी ऐकवतो. तिचं काम मोनाड एकावर एक रचायचं. मोनाड म्हणजे कामाचा एकेक थर समजा. एक थर चुका झेलतो, दुसरा झालेल्या कामाची नोंद धरून ठेवतो. आता आत कुठला आणि बाहेर कुठला, यावर सगळा खेळ. एका क्रमाने रचलं तर मध्येच चूक झाली तरी तोवरची नोंद राहते. उलटं रचलं तर चुकीबरोबर नोंदही गेली.

गेल्या एप्रिलमध्ये साहेबांना साक्षात्कार झाला की आपला क्रम सुंदर नाही. त्याने गुपचूप दोन थर उलटे केले. बाहेरून सगळं तसंच दिसत होतं, त्यामुळे प्रोग्राम तपासून चुका पकडणारा कंपायलरही गप्प. आणि आवृत्तीचा कुठला आकडा वाढवला? शेवटचा! आमच्यात शेवटचा आकडा वाढवणं म्हणजे शब्द देणं असतं, की बाबांनो, तुमचं काही मोडणार नाही, डोळे मिटून घ्या. लोकांनी घेतलं.

इशबेल रॅनकिननेही घेतलं. ओबानच्या एका छोट्या फेरी कंपनीची तिकिटं तिचा प्रोग्राम सांभाळायचा. एका शनिवारी एक बुकिंग फसलं आणि त्याच्याबरोबर आधीच्या चव्वेचाळीस गाड्यांची नोंद पुसली गेली. धक्क्यावर गाड्यांची रांग, आत पोरं रडतायत, आणि मालक सगळ्यांदेखत इशबेलला बोलतोय.

तिने दोन दिवसांत मूळ शोधून काढलं. लायब्ररीच्या पानावर सांभाळणारे म्हणून दोन नावं आहेत, मर्डोचं आणि माझं. मर्डो फोन उचलत नाही. म्हणून सोमवारी तिने मला केला.

"कॉलम, गुरुवारी मालक माझा निकाल लावणार आहे. बदलांच्या यादीत दोन ओळी टाका रे. क्रम उलटला, आकडा चुकीचा वाढवला, एवढंच. तेवढं दाखवता आलं तर नोकरी वाचेल माझी."

"आजच बोलतो त्याच्याशी," मी म्हणालो, आणि गेलोही. स्वारी डाळीचं सूप ओरपत बसली होती.

"तिने लायब्ररीची माहिती वाचली होती का?" मर्डोने विचारलं.

"क्रमाबद्दल तू त्यात एक अक्षर लिहिलेलं नाहीस!"

"जाणकाराला बाहेरून बघून कळतं."

"अरे, बाहेरून तर काहीच बदललेलं नाही!"

"मग माझं चुकलं कुठे?" असं म्हणून त्याने पाव बुडवला.

पडलो तरी नाक वर! वर त्याने हा प्रश्न आमच्या मंडळींपुढे, सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ई-मेलवर टाकला, की झाल्या प्रकाराला 'मोडतोड' म्हणावं की 'स्पष्टीकरण'? मग काय, उंटावरच्या शहाण्यांना ऊत आला. गुरुवारपर्यंत एकसष्ट उत्तरं. उट्रेख्टच्या एकाने सिद्धता लिहिली, तर व्हर्माँटच्या दुसऱ्याला त्या सिद्धतेतली चिन्हं आवडली नाहीत. इशबेलचं नाव एकानेही घेतलं नाही. मी रोज मर्डोला गाठून शिव्या घालत होतो आणि तो एकच पालुपद लावून बसला होता, "चर्चा पूर्ण होऊ दे."

गुरुवारी दुपारी इशबेलला काढलं.

चर्चा पूर्ण व्हायला पुढे महिना गेला. मर्डोने पबमध्ये बोलावून मला नवी आवृत्ती दाखवली. या खेपेला आकडा पहिला, म्हणजे 'सांभाळा, तुमचं मोडेल' सांगणारा, वाढवला होता. खाली लिहिलं होतं, 'थरांचा क्रम अधिक स्पष्ट केला. सूचनेबद्दल इशबेल रॅनकिन यांचे आभार.'

"नाव घातलंय तिचं," तो म्हणाला. "खूश होईल बाई."

"अरे निर्लज्जा, नोकरी गेली तिची!"

"वाईट झालं. पण क्रम बघ ना, आता किती स्वच्छ वाटतो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथूनच इशबेलला फोन लावला आणि त्याच्या तोंडावर त्याचा उद्धार केला. माणूस नाही, दगड आहे म्हटलं. अठरा वर्षांचं सगळं साचलेलं बाहेर काढलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "कॉलम, यादीत ओळी टाकायला तुला मर्डोची परवानगी लागते?"

"छे. दोघांनाही सारखेच अधिकार आहेत."

"मग त्या सोमवारी तू का नाही टाकल्यास?"

"भडकला असता गं तो."

"किती वेळ लागतो टाकायला?"

"पाच मिनिटं," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला. समोरून मर्डो ग्लास ठेवत विचारत होता, "काय म्हणते? झाली ना खूश?"