पलीकडच्या काठावरचा ऊस

मुल्लाबाईंची नि माझी पहिली ओळख झाली, ती त्यांनी माझं चित्र ओल्या फडक्यानं पुसायला लावलं तेव्हा. कराडच्या आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत. आठवीच्या वर्गाला त्यांनी कृष्णेच्या घाटावर नेलं होतं. समोरच्या काठावर आमचाच ऊस. मी त्याचं पान न् पान हिरवंगार रंगवलं.

"लांबचं एवढं ठळक कसं गं?"

"बाई, आमचा हाय त्यो."

"तुमचा असला तरी नदीपलीकडंच हाय की!"

लांबच्या डोंगराला रंग थोडा नि पाणी जास्त, हे मी त्या दिवशी शिकले. प्रतिबिंब म्हणजे नुसतं उलटं चित्र नव्हे. पांढरी भिंत पाण्यात जरा मळते, काळी नाव जरा उजळते, हे बाई आम्हाला तासन् तास बघायला लावत. निवृत्तीनंतरही त्या रोज सकाळी घाटावर बसतात आणि मनासारखं न झालेलं चित्र सरळ फाडतात. आमचा जीव तुटतो, पण त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही.

बारावीनंतर मला चित्रकला शिकायला सांगलीला जायचं होतं. माझे वडील, आबा, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. "चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय?" म्हणून त्यांनी विषयच संपवला. मी दोन दिवस जेवले नाही. बाई घरी आल्या, तेव्हा वाटलं, आता आबांची समजूत घालतील. त्यांनी तसलं काही केलं नाही.

"सुभेदारसाहेब, फौजेत नजरेनं अंतर ओळखायला शिकवतात म्हणे. माझ्या पोरींना जरा सांगाल का? माझं त्या ऐकत न्हाईत."

आबा इस्त्रीचा शर्ट घालून घाटावर आले. "माणसाचं नाक-डोळं दिसलं, तर जवळ. निस्ता आकार दिसला, तर लांब. धुरकट असलं की आणखीच लांब वाटतंय, तितं फसू नगा." तासभर बोलले. मीही त्या पोरींत चित्र काढत बसले होते; मग माझ्या मागे उभं राहून ते माझं चित्र बघत राहिले.

"आपला ऊस बरोबर लांब गेलाय," म्हणाले. घरी जाताना त्यांनीच विचारलं, "सांगलीला कवा जायाचं म्हणालीस?"

आज मी लोणंदला चित्रकला शिकवते. आबांचे आभार मानायचं पुढं ढकलत राहिले आणि ते गेले. ती चूक मला पुन्हा करायची नाही. म्हणून बाईंच्या पंचाहत्तरीला सर्वांसमक्ष लिहिते, की माझं आयुष्य त्यांनी उभं केलं. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. हे वाचून त्या "उगाच कायतरी!" म्हणत रागावणार, हे मला ठाऊक आहे, ते रागावणंही मला अजून पुष्कळ वर्षं मिळो.