या दिवाळीला ये

माझ्या अप्पामामानं कधी कुणाला 'ये' म्हटलं नाही. खांदा कॉलनीतल्या त्याच्या घरात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडत नसत, निघालेल्याला तो दोनदोनदा परत बसवायचा. पण फोनवर कुणी "अप्पा, रविवारी येऊ का?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असे, "बघ बाबा, तुझं तू ठरव." त्यापुढे तो जायचा नाही. नव्यानं नात्यात आलेल्यांना तो माणूसघाणा वाटायचा. आम्हाला ठाऊक होतं, मामा घाबरट आहे.

त्याला रस्त्याची भीती वाटायची. एसटीत चढण्याआधी तो पुढे जाऊन ड्रायव्हरला विचारायचा, "काय साहेब, झोप झाली का नीट?" काही ड्रायव्हर हसत, एखादा चिडे. मी लहान असताना शरमेनं मामीच्या मागे लपायची. मामा मात्र उत्तर मिळाल्याशिवाय सीटवर बसायचा नाही. एकदा एका ड्रायव्हरनं खरं खरं सांगितलं की नाही झाली, सलग दुसरी फेरी आहे. मामा आम्हाला घेऊन खाली उतरला आणि आम्ही पुढच्या गाडीनं गेलो.

या भीतीमागे काय होतं, ते आईनं मला बऱ्याच उशिरा सांगितलं. तिला दोन भाऊ होते. धाकटा विजूमामा मी पाळण्यात असताना गेला. तो पेणला नोकरीला होता. भाऊबीजेला रजा मिळत नाही, दुसऱ्या दिवशी येतो, असं त्यानं कळवलं होतं. अप्पामामानं फोन करून हट्ट धरला, "सगळे जमलेत, तूच नाहीस. आजच ये." विजूमामा संध्याकाळी मोटारसायकलवरून निघाला आणि घराच्या अलीकडे, जिथं पेणचा आणि पुण्याचा रस्ता मिळतो त्या पळस्पे फाट्यावर, ट्रकखाली आला. तेव्हापासून मामानं कुणाला बोलावलं नाही. पळस्प्यावरून जाणंही त्यानं सोडलं. नात्यातली लग्नं पेण-अलिबागकडे असली की त्याचे पाय नेमके तेव्हाच दुखू लागत.

बारावीनंतर मी कृषीचं शिक्षण घ्यायला आसामात, जोरहाटला गेले. मामानं नकाशा काढून अंतर पाहिलं आणि दोन दिवस तो आमच्या रोडपालीच्या घरी फिरकला नाही. दर दिवाळीआधी आई, मामी आणि नाशिकची मावशी व्हिडिओ कॉलवर भाऊबीजेचा बेत ठरवत, मीही त्यात असे. मामा मागे उभा राहून फक्त अडचणी सांगायचा. ब्रह्मपुत्रेला पूर असेल. तिकडून येणारं विमान धुक्यात अडकेल. विमानतळावरून टॅक्सीनं एकटी कशी येणार? मावशी वैतागून म्हणायची, "अप्पा, पोरीला यायचंय की नाही ते तिला तरी बोलू दे." पहिली दोन वर्षं परीक्षा आड आली आणि मी गेले नाही. दोन्ही वेळा मामा फोनवर म्हणाला, "बरं झालं." त्याच्या आवाजात आनंद नव्हता, पण सुटका होती.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीला महिनाभर असताना, मी प्रयोगशाळेत असताना त्याचा फोन आला. एरवी तो हवापाणी विचारायचा, जेवणाचं विचारायचा. त्या दिवशी त्यानं काहीच विचारलं नाही. "मुक्ता, या दिवाळीला ये," एवढंच म्हणाला.

आनंद व्हायला हवा होता, पण मला फक्त भीती वाटली. मी आईला फोन केला. ती म्हणाली, अगं, म्हातारा होतोय तो, वाटलं असेल. मामीला विचारलं तर तिनं फराळाचा विषय काढला. दोघी माझ्यापासून काहीतरी लपवत होत्या. मी तिकीट काढलं. मुंबईचं विमान मिळालं नाही, म्हणून पुण्यापर्यंत विमान आणि पुढे एसटी असं ठरलं. त्या महिन्यात अभ्यासात माझं लक्ष लागलं नाही. फोन वाजला की हातातलं काम टाकून आधी नाव बघायची.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी मी पुण्याहून एसटीत बसले. मामाला फोन करून गाडी कधी सुटली ते सांगितलं. घाटात पुढे कंटेनर उलटला होता आणि दिवाळीची सगळी गर्दी मागे तुंबली होती. गाडी तासन्‌तास जागची हलली नाही, माझ्या फोनची बॅटरी संपली. शेवटी शेजारच्या बाईंचा फोन मागून आईला लावला.

"तू कुठे आहेस? अप्पा घरात नाही," ती म्हणाली. "फोन टेबलावर ठेवून गेलाय. तुझे बाबा शोधून आले, स्टँडवर नाही, बाजारात नाही."

"आई, मामाला काय झालंय?"

मग तिनं सांगून टाकलं. हृदयाच्या तीन नळ्या बंद होत्या आणि दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून बजावलं होतं. "तुला रस्त्यात सांगायचं नव्हतं गं," असं म्हणताना तिला रडू फुटलं.

पुढचा वेळ मी कसा काढला, ते मला सांगता येणार नाही. खिडकीबाहेर दरी होती आणि माझ्या डोळ्यांपुढे कुठल्या तरी फुटपाथवर पडलेला मामा. लोक दिवाळीच्या गप्पा मारत होते, कुणीतरी चकल्यांचा डबा फिरवत होतं. गाडी सुटली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात घट्ट आवळून बसले होते.

पळस्पे फाट्यावर गाडी थांबली आणि ड्रायव्हरच्या खिडकीशी ओळखीचा आवाज आला. ही पुण्याहून सकाळी सुटलेली गाडी का, असं कुणीतरी विचारत होतं. मी बॅग ओढत खाली उतरले. मामा उभा होता. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, ओठ पांढरे पडलेले. शेजारी काकड्या विकणारी बाई मला म्हणाली, "दुपारधरनं उबं हायत. आमी बसा बोललो, पन बसत नाय. परत्येक गारी थांबवून इचारतात."

मी त्याला तिच्या पाटीशेजारच्या ओट्यावर बसवलं. त्याचा हात बर्फासारखा गार होता. तो रस्त्याकडे बघत होता. ट्रक एकामागून एक गोव्याच्या दिशेला वळत होते.

"इतकी वर्षं वाटायचं, इथं काय असेल," तो म्हणाला. "नुसता रस्ता आहे गं."

मग काकडीवाल्या बाईंच्या फोनवरून मी आईला कळवलं आणि बाबा रिक्षा घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला सगळे जमले. मावशीलाही मामानंच फोन करून बोलावलं होतं. दोघी बहिणींनी ओवाळलं. जेवताना ऑपरेशनचा विषय मामानं स्वतःच काढला. मावशी म्हणाली, काही होत नाही अप्पा, हल्ली फार सोपं झालंय. तो म्हणाला, "होईल की नाही ते डॉक्टर बघतील. मला भीती वाटतेय. एकट्यानं घाबरून बघितलं, जमत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं." मामीनं त्याच्या पानात गरम पुरी वाढली आणि ती तिथंच त्याच्या शेजारी बसली.

ऑपरेशन होईपर्यंत मला थांबायचं होतं. त्यानं ऐकलं नाही, परीक्षा बुडवायची नाही म्हणाला. निघताना जिन्याच्या कठड्याला धरून तो उभा होता. पोचल्यावर फोन कर, असं त्या दिवशी तो म्हणाला नाही. मी खाली पोचेपर्यंत वरून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता.

ऑपरेशन नीट झालं. आईनं फोन केला तेव्हा मी वसतिगृहाच्या आवारातूनच लगेच मामीला फोन लावला. पुढचे काही दिवस तो फोनवर दोन वाक्यं बोलायचा, तिसऱ्याला धाप लागायची. मग फुप्फुसात पाणी झालं, ताप चढला. एका सकाळी आईचा फोन आला आणि तिनं माझं नाव घेतलं, त्यावरूनच मला कळलं.

मी मामीजवळ कोण आहे एवढं विचारलं आणि निघाले. कुठली गाडी, कुठलं विमान, कुणाला विचारलं नाही. मिळेल त्यात बसले. नदीवर धुकं होतं, गुवाहाटीपर्यंतचा ड्रायव्हर जांभया देत होता, शेजारी कोण बसलं होतं तेही आठवत नाही. त्या सबंध प्रवासात मला कशाचीही भीती वाटली नाही. जे व्हायचं ते घरी होऊन गेलं होतं.