बाबांची आकडी

माझ्या बाबांच्या कमरेला कायम आकडी असायची, कोयता अडकवायची लाकडी आकडी. लग्नकार्याला तरी ती काढून ठेवा म्हणून आई त्यांच्या मागे लागायची. डोळखांबकडच्या आमच्या पाड्यात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. थंडी सरता सरता ऐनाच्या झाडांच्या फांद्या, म्हणजे टहाळ, तोडायचा, वाळवायचा आणि उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर पसरून जाळायचा. टहाळ तोडायला पुरुष चढणार, भारे आम्ही बाया वाहणार. मला भाऊ नाही. सत्तरी उलटली तरी बाबाच वानरासारखे झाडावर चढत.

दोन हजार साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ते ऐनाखालीच मटकन बसले. छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. शहापूरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून मुंबईला धाडलं. तिथे कळलं, की हृदयाचे ठोके वाटेल तसे पडताहेत. त्यामुळे आत रक्ताची गुठळी होऊन लकवा मारू शकतो. म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. एकदा कोयत्याचं टोक नडगीला जरासं लागलं, तर दुपारभर रक्त थांबेना. आईने कोयता माळ्यावर टाकला. रिकामी आकडी कमरेला लावून हिंडणारा बाप बघून मला रडू यायचं, आणि रागही. कुणावर, ते कळत नसे.

मग मुंबईच्या डॉक्टरांनी एक उपाय सुचवला. मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची आणि ठोके बिघडवणारी जागा आतून भाजून टाकायची. "वय झालंय, गुण येईलच असं नाही," हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबा मात्र ताठ बसले.

"म्हंजे राबच भाजायचा नं! तण जळलं का रोप सरळ येतं. करा तुमी. मंग गोळी बंद?"

"तीन महिन्यांनी तपासून ठरवू," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी मनात ठरवूनच टाकलं. दिवाळीनंतर ते आत गेले, तेव्हा बाहेर बसून मी आमच्या डोंगरावरचे सगळे देव आठवले. ते सुखरूप बाहेर आले. ठोके सरळ झाले, चक्कर गेली. घरी आल्यावर त्यांनी कोयता माळ्यावरून उतरवायला लावला. रोज दगडावर घासायचे आणि परत ठेवून द्यायचे. तोडायला हात लावत नव्हते, वाट बघत होते.

तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "ठोके छान आहेत. पण या वयात, त्यात ब्लडप्रेशर. लकव्याचा धोका राहतोच. गोळी कायम घ्यावी लागेल."

माझा तोल गेला. "मग केलंत कशाला एवढं?"

"गप गो बाय," बाबा म्हणाले. "राब भाजला म्हणून बेणणी चुकते का? तण निंदावंच लागतं."

घरी आल्यावर त्यांनी कोयता दगडावर घासला, पण परत ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऱ्यासाठी चुंबळ वळत होते. बाबा आले. त्यांनी कोयता अडकवलेली आपल्या कमरेची आकडी सोडली आणि माझ्या कमरेला बांधायला लागले. गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती.

"बाबा, बाया झाडावर नाय चढत."

"मी सांगतो नं. चढ. वरचा शेंडा ठेव, नायतर झाड रडंल."

मी पदर खोचला आणि चढले. खाली बघितलं, तर बाबा दोन्ही तळहात खोडाला लावून उभे होते.

"बाबा, लांब व्हा. टहाळ पडंल अंगावर!"

"तू तोड गो," ते खालून म्हणाले. "झाड हलतंय, ते हाताला समजतंय."

मी डोळे पुसले आणि टहाळ पलीकडच्या अंगाला टाकत राहिले.